लिगामेंट हाडात रुजतं कसं, आणि लॅबमधला तयार तुकडा अजून गुडघ्यात काहून बसत नाही

ताई, तुमचा प्रश्न दोन भागांचा आहे. भाऊ कबड्डीत पडला, गुडघ्यातला एसीएल, म्हणजे मांडीच्या हाडाला नडगीशी बांधणारं लिगामेंट, पूर्ण तुटला, एमआरआय झाला, ऑपरेशन सांगितलं, आणि तुम्ही बायोमेडिकलला शिकता म्हणून वाचनात आलं की परदेशात पेशींपासून हाड-लिगामेंट-हाड असा सलग तुकडा वाढवतात, तर भावाच्या मांडीची नस (म्हणजे टेंडन, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) काढू देण्यापेक्षा तो तुकडा येईपर्यंत थांबावं का. दुसरं म्हणजे तुम्हाला फायनल इयरचा प्रोजेक्ट याच्यावरच करायचा आहे, साधनं फार नाहीत, तर सुरुवात कुठून करावी. मी हाडाचा डॉक्टर, यवतमाळ-वर्धा भागात खांदे आणि गुडघे हेच रोजचं काम, आणि त्याआधी काही वर्षं टेंडन हाडाला कसं जुळवावं याच्यावर लॅबमध्ये काम केलेलं आहे, म्हणून दोन्हीकडून लिहितो, जरा लांबेल.

थांबू नका. हे पहिलेच सांगून टाकतो. असा तुकडा आज कोणत्याच दवाखान्यात मिळत नाही, आणि भावाच्या खेळायच्या वयात तो आपल्याकडे पोचेल असं मला वाटत नाही. सैल गुडघा घेऊन पोरगा वावरात, बांधावरून, गाडीवरून फिरत राहिला की गुडघा मधेमधे निसटतो आणि दरवेळी आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, थोडी थोडी फाटत जाते. लिगामेंट नवीन बसवता येतं, गादी एकदा गेली की तशी परत मिळत नाही. पण तो तुकडा काहून येऊन नाही राहिला हे समजून घ्या, कारण तेच कारण भावाच्या ऑपरेशननंतर काय सांभाळायचं ते सांगते, आणि तुमचा प्रोजेक्टही त्यातच आहे.

लोकांना वाटते अडचण मजबुतीची आहे, लॅबमधलं लिगामेंट कच्चं असंल म्हणून तुटत असंल. मजबुती खरं म्हणजे आपल्याजवळ आधीच आहे. तरुण माणसाचा एसीएल साधारण २१६० न्यूटनला तुटतो, हे १९९१ मध्ये साव्हिओ वू यांच्या गटाने मृतदेहांच्या गुडघ्यांवर मोजलेलं आहे, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपासचा ताण. आणि आपण मांडीच्या मागच्या दोन नसा काढून त्यांचा चौपदरी ग्राफ्ट, म्हणजे तुटलेल्याच्या जागी बसवायचा तुकडा, करतो तो लॅबमध्ये नुसता ओढून पाहिला तर ४००० न्यूटनच्या आसपास जाते. मूळ लिगामेंटच्या जवळपास दुप्पट! तरी ऑपरेशननंतरचे पहिले काही महिने तोच गुडघ्यातला सगळ्यात नाजूक भाग असतो, कारण ग्राफ्ट मधून तुटायच्या आधी हाडातून निसटते. सगळा घोळ जोडीच्या जागेचा आहे.

टेंडन किंवा लिगामेंट हाडाला जिथं लागते त्या जागेला एन्थेसिस म्हणतात. टेंडनचा ताठपणा काही शे मेगापास्कलचा, फार तर एक गीगापास्कलपर्यंत, आणि कडक हाडाचा पंधरा-वीस गीगापास्कल. इतका फरक असलेल्या दोन वस्तू तुम्ही सरळ एकमेकीला चिकटवल्या तर ओढल्यावर सगळा ताण त्या सीमारेषेवर गोळा होतो आणि तिथूनच उकलते, हे तुम्हाला मटेरियल्सच्या पेपरात शिकवलंच असंल. शरीराने याच्यावर जे काढलं ते पाहून मी अजूनही थक्क होतो. आधी शुद्ध टेंडन, त्यात टाइप वन कोलॅजन या प्रथिनाचे समांतर धागे. मग मिनरल (हाड कडक करणारे कॅल्शियमचे क्षार) नसलेलं फायब्रोकार्टिलेज, म्हणजे धागेदार कूर्चा, त्यात टाइप टू कोलॅजन आणि अॅग्रिकॅन. मग टाइडमार्क नावाची एक रेघ, तिच्या पलीकडे मिनरल असलेलं फायब्रोकार्टिलेज, त्यात टाइप टेन येते. आणि मग हाड. हा सगळा बदल मिलिमीटरभरात किंवा त्याहून कमी जागेत होतो. टाइडमार्कची रेघ बऱ्यापैकी सपाट असते पण मिनरलवालं फायब्रोकार्टिलेज आणि हाड यांच्यातली सीमा मात्र दातेरी, एकमेकात घुसलेली, म्हणून ती सोलून निघत नाही. आणि अजून एक गोष्ट, जी विद्यार्थी नेहमी चुकीची धरतात: ताठपणा टेंडनपासून हाडापर्यंत सरळ चढत जात नाही. मधे एक पट्टा असा असतो की तो दोघांपेक्षाही मऊ असतो. मऊ म्हणजे कमजोर नाही, तो ताण पसरवायचं काम करते. त्यामुळे डाव्या हाताला मऊ, उजव्या हाताला कडक आणि मधे सरळ चढण असा स्कॅफोल्ड (पेशींना वाढायला दिलेला सांगाडा) बनवून कोणी मला दाखवला की मी पहिले हेच विचारतो, की मधला मऊ पट्टा कुठं आहे.

वरूड-मोर्शीकडं संत्र्याची कलमं पाहिली असतील तुम्ही. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधतात, पट्टी घट्ट गुंडाळतात, आणि डोळा फुटेपर्यंत त्याला धक्का लागू देत नाहीत. पट्टीने डोळा जागेवर धरून ठेवलेला असतो, जोड तिने केलेली नसते, ती जिवंत पेशी आतून करतात आणि त्याला त्यांचा वेळ लागतो. आपलं ऑपरेशन म्हणजे तेवढंच आहे. स्क्रू आणि बटण ही पट्टी झाली, खरी जोड शरीर करणार. फरक एवढाच की खुंट आणि डोळा दोन्ही झाडच असतात, इथं मात्र दोन पार वेगळ्या जातीचे टिश्यू जुळवायचे असतात, म्हणून हे काम कलमापेक्षा कितीतरी अवघड.

ऑपरेशनात हाडात बोगदा पाडून त्यात ग्राफ्ट बसवतात, आता त्या बोगद्यात काय होते ते पाहा. १९९३ मध्ये स्कॉट रोडिओ आणि त्यांच्या सोबत्यांनी कुत्र्यांवर केलेला अभ्यास आहे, आमच्या विषयात तो अजूनही पाया मानला जाते. हाडात बोगदा पाडून त्यात टेंडन बसवलं आणि वेगवेगळ्या आठवड्यांना ओढून पाहिलं. दोन, चार, आठ आठवड्यांना ग्राफ्ट बोगद्यातून उपटून आला. बारा आणि सव्वीस आठवड्यांना मात्र तो बोगद्यातून निघाला नाही, दुसरीकडूनच सुटला किंवा तुटला. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर मधे आधी रक्तवाहिन्यांनी भरलेला कच्चा टिश्यू, आणि मग हळूहळू टेंडनमधून हाडात जाणारे कोलॅजनचे धागे, ज्यांना शार्पीचे धागे म्हणतात. ही जोड कामाची असते, पण ती मूळची चार थरांची जोड नसते. ती व्रण भरून तयार झालेली असते आणि आयुष्यभर बहुतेक तशीच राहते. लोकांना मी हे स्पष्ट सांगतो, की आम्ही तुमचं लिगामेंट "पहिल्यासारखं" करत नाही, आम्ही चालण्याजोगी दुसरी व्यवस्था करतो.

खांद्यात ही गोष्ट अजून उघडी पडते. पाठीवर फवारणीचा पंप, डोक्यावर ओझं, वर्षानुवर्षं, मग साठीच्या आसपास रोटेटर कफ, म्हणजे खांद्याभोवतीच्या स्नायूंच्या टेंडनचा पट्टा, फाटतो. तो हाडाला परत शिवता येतो पण टिकतो किती? सेंट लुईसच्या लीसा गॅलाट्झ आणि सोबत्यांनी २००४ मध्ये मोठ्या फाटलेल्या कफचे १८ पेशंट दुर्बिणीने शिवून नंतर सोनोग्राफीने तपासले, तर १८ पैकी १७ जणांत टाका परत उकललेला होता. तरी वर्षभराने त्यातल्या बहुतेकांचं दुखणं आणि हात उचलणं सुधारलेलं होतं, हे पण तितकंच खरं आहे आणि तेही सांगितलं पाहिजे. टाके लावणाऱ्यांचे हात चांगलेच होते. जोडीची जागा रुजली नाही, कारण तिथं रक्तपुरवठा कमी, फायब्रोकार्टिलेजमध्ये तर जवळपास नाहीच, आणि म्हातारं हाड, सुकलेला स्नायू. ज्याने जोडीचा प्रश्न सोडवला त्याने खांद्याचा अर्धा विषय सोडवला असं मी मानतो.

बरं, मग नकली दोरे घालून पाहिले नाहीत का? पाहिले ना. १९८० च्या दशकात कार्बन फायबर, डॅक्रॉन, गोर-टेक्स असे लिगामेंट माणसांच्या गुडघ्यात बसवले गेले. पहिल्या दिवशी मजबूत. पण त्यात हाड नीट रुजत नाही, बोगद्याच्या तोंडाशी ते घासतात, बारीक चुरा सुटतो, त्याने गुडघा सुजून पाण्याने भरतो, आणि शेवटी तुटतात. कारण निर्जीव धागा झिजत जाते, दुरुस्त होत नाही. त्या दहा-पंधरा वर्षांतून हेच शिकायचं होतं की पहिल्या दिवसाची मजबुती पाहून भुलायचं नाही.

त्यानंतर लोक मधल्या थरांकडे वळले. कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या हेलन लू यांच्या गटाने २००६ च्या सुमारास तीन भागांचा स्कॅफोल्ड केला: एका टोकाला विणलेली विरघळणारी जाळी, मधे पॉलिमरचे बारीक गोळे, तिसऱ्या टोकाला त्याच पॉलिमरमध्ये बायोअॅक्टिव्ह ग्लास, आणि प्रत्येक भागात त्या त्या पेशी, लिगामेंटकडे फायब्रोब्लास्ट, मधे कूर्चेच्या कॉन्ड्रोसाइट, हाडाकडे ऑस्टिओब्लास्ट. तीन वेगळे तुकडे एकमेकांत वितळवून सलग केलेले. कल्पना एकदम बराबर आहे आणि आजही बहुतेक लोक त्याच वाटेने जातात. २००९ मध्ये स्टॅव्हरोस थोमोपोलोस आणि त्यांच्या सोबत्यांनी दुसरी युक्ती केली, नॅनोफायबरची चटई उभी करून तिच्यावर कॅल्शियम-फॉस्फेटचं घट्ट द्रावण हळूहळू चढू दिलं, म्हणजे खालचा भाग जास्त वेळ भिजला आणि त्याच्यावर मिनरल जास्त बसलं, वरच्यावर कमी. साधी गोष्ट, पण चढण तयार झाली. मला या दोन्हींत दुसरी जास्त आवडते, कारण ती कमी साधनांत होते आणि मोजता येते.

तुम्ही जे वाचलं ते बहुतेक मिशिगन युनिव्हर्सिटीच्या लिसा लार्किन यांच्या गटाचं काम असंल. त्यांनी स्कॅफोल्ड घेतलाच नाही. बोन मॅरोमधून पेशी काढून त्यांचा पातळ थर वाढवला, तो गुंडाळू दिला, दोन टोकांना हाडाच्या दिशेने नेलेल्या पेशी आणि मधे लिगामेंटच्या, आणि तो तुकडा मेंढीच्या गुडघ्यात एसीएलच्या जागी बसवला. घातला तेव्हा तो मूळ लिगामेंटच्या मानाने मऊ आणि कमजोर होता, पण शरीरात गेल्यावर महिन्यांगणिक वाढला, रक्तवाहिन्या आल्या, आणि मूळ रचनेच्या जवळ सरकला. मला यातलं खरं महत्त्वाचं हे वाटते की त्यांनी तयार माल घालायचा आग्रह सोडला, कच्चं पण जिवंत घातलं आणि बाकीचं काम गुडघ्याला करू दिलं. पण मेंढी ऑपरेशननंतर कबड्डी खेळत नाही, आणि माणसाला पहिले कित्येक आठवडे तेवढ्या मऊ तुकड्यावर उभं करणं ही जोखीम आहे. शिवाय दर पेशंटची पेशी वेगळी वाढवायची, जंतुमुक्त खोलीत आठवडेच्या आठवडे, आणि तपासून पास करायची. आपल्या भागात तो खर्च कोणत्या योजनेत बसेल ते तुम्हीच पाहा.

चौथा मार्ग पेशी धुऊन काढायचा. दुसऱ्या माणसाचा किंवा जनावराचा हाडासकटचा टेंडन घ्यायचा, म्हणजे निसर्गाने केलेली चार थरांची जोड जशीच्या तशी मिळाली, आणि डिटर्जंटने त्यातल्या पेशी काढून टाकायच्या. सर्वसाधारण धरलेली मर्यादा अशी की कोरड्या एका मिलिग्रॅम मॅट्रिक्समध्ये (पेशी गेल्यावर उरलेल्या सांगाड्यात) ५० नॅनोग्रॅमपेक्षा कमी डीएनए राहिला पाहिजे. अडचण इथं पण जोडीतच येते. टेंडन मऊ आणि हाड घट्ट, टेंडनमधल्या पेशी निघेपर्यंत हाडातल्या तशाच राहतात, आणि हाडातल्या काढायला डिटर्जंट वाढवला की फायब्रोकार्टिलेजमधलं प्रोटिओग्लायकॅन (पाणी धरून ठेवणारा भाग) वाहून जाते, म्हणजे ज्या पट्ट्यासाठी सगळा खटाटोप केला तोच कमजोर. डुकराचा टिश्यू असेल तर त्यात अल्फा-गॅल नावाची साखर असते, ती माणसात नसते आणि आपलं शरीर तिच्यावर तुटून पडते, म्हणून ती एन्झाइमने कापावी लागते. तरी मला वाटते पहिला वापरण्याजोगा माल याच बाजूने येईल.

आणि एक रस्ता असा की जोड तोडायचीच नाही. बोस्टनच्या मार्था मरे यांनी तुटलेल्या एसीएलच्या दोन टोकांमधे गाईच्या कोलॅजनचा स्पंज ठेवून त्यात पेशंटचंच रक्त भरलं आणि तुटलेलं टोक त्याच्यात शिवून बरं होऊ दिलं. २०१५ मध्ये पहिल्यांदा माणसात केलं, अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०२० मध्ये परवानगी दिली. यात हाडाला लागलेली मूळ मुळं तशीच राहतात, फक्त मधला तुटलेला भाग जुळतो. पण २०२० च्या त्या परवानगीत अट होती की इजा झाल्यापासून ५० दिवसांच्या आत करायचं आणि खालच्या हाडाला लागलेला बुंधा शिल्लक पाहिजे. आपल्याकडे पेशंट आधी महिनाभर मालिश करून घेतो, मग पेरणी, मग सोंगणी, मग येतो, तोवर तो बुंधा आटून गेलेला असतो. तालुक्याच्या डॉक्टरने पहिल्याच आठवड्यात गुडघा हाताने तपासून ओळखला तर पुढे कितीतरी पर्याय उघडे राहतील, याचं मला खरंच फार वाटते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी लॅब आणि ओपीडी दोन्हीकडून पाहिलेलं आहे. ही जोड ताणाशिवाय तयारच होत नाही. उंदराच्या पिल्लाला जन्मल्याबरोबर खांद्याच्या स्नायूत बोटुलिनम टॉक्सिन देऊन स्नायू ढिला ठेवला तर त्याची एन्थेसिस नीट पिकत नाही, मिनरल उशिरा बसते, थर विस्कटलेले राहतात. म्हणजे ते चार थर जन्माआधी पूर्ण बनून येत नाहीत, हालचालीने बनतात. मग मोठ्या उंदरांत फाटलेला कफ शिवून पाहिलं: ज्यांना लगेच पळायला लावलं त्यांची जोड ज्यांचा खांदा बांधून ठेवला त्यांच्यापेक्षा वाईट निघाली. मग लोकांना वाटलं की पूर्ण ताण काढून टाकला तर अजूनच चांगलं, म्हणून बांधून ठेवून वरून टॉक्सिनही दिलं, तर जोड उलट बिघडली. थोडा पाहिजे, वेळेवर पाहिजे, जास्त नको. लॅबमध्ये तुम्ही थर कितीही सुंदर करा, पेशी कितीही भारी टाका, ताणाचा डोस चुकला तर शरीर तो तुकडा खाऊन टाकते किंवा व्रण करून ठेवते. म्हणून मला पक्कं वाटते की या विषयात ग्राफ्ट आणि त्याच्यावरचा पहिल्या तीन महिन्यांचा ताण हे दोन वेगळे विषय नाहीत, दोन्ही मिळूनच डिझाइन होते, आणि तीन थरांच्या स्कॅफोल्डवर जेवढे पेपर निघतात त्याच्या मानाने ताणाच्या डोसवर फारच कमी काम होऊन राहिलं आहे.

भावाबद्दल. ग्राफ्ट कोणता हे त्याचा सर्जन ठरवेल, पण विचारायला हरकत नाही. गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन दोन्ही टोकांना हाडाच्या चकत्यांसकट काढला तर त्यात निसर्गाचीच एन्थेसिस असते, बोगद्यात हाडाला हाड लागते आणि ते सहा-आठ आठवड्यांत जुळायला लागते, पण पुढे गुडघा टेकून बसताना दुखू शकते, आणि आपल्याकडे वावरात, देवघरात, जेवताना गुडघा टेकणं रोजचंच आहे. मांडीच्या नसांत ते दुखणं कमी, पण तिथं टेंडनला हाड लागायचं असते, म्हणून जोड सावकाश. दोन्ही चालतात. दुसऱ्याचा, टिश्यू बँकेतला ग्राफ्ट तरुण खेळाडूला मी सहसा सुचवत नाही, कारण अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासांत तरुणांत तो स्वतःच्या ग्राफ्टपेक्षा बराच जास्त वेळा तुटलेला आहे. अशा बँका आपल्याकडे नाहीत असं मात्र नाही, मुंबईच्या टाटा मेमोरियलची टिश्यू बँक १९८८ पासून गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले टिश्यू देते, आणि मोठ्या हाडाच्या कामांत त्याचा फार उपयोग होतो.

ऑपरेशननंतर त्याला दुखणं लवकर थांबेल आणि तिथंच धोका आहे. सहाव्या आठवड्याला पोरगा चालते, पायऱ्या चढते, घरच्यांना वाटते बरा झाला, आणि नेमकं तेव्हाच ग्राफ्ट सगळ्यात कच्चा असते, कारण जुन्या पेशी मेलेल्या असतात, नवीन रक्तवाहिन्या आत शिरून राहिल्या असतात, आणि बोगद्यातली जोड अर्धवट. तेव्हा गाडीला किक मारणं, डवऱ्यामागं चालणं, फवारणीचा पंप, बैल आवरणं, ओल्या बांधावरून उडी हे नको. खाटेवर पडून राहणं पण नको, ते पण तितकंच वाईट. फिजिओने सांगितलेला व्यायाम रोज, गुडघा पूर्ण सरळ होणं पहिले, मग मांडीचा पुढचा स्नायू. फिजिओ दूर असेल तर दर दोन आठवड्यांनी जाऊन पुढचा टप्पा शिकून यायचा आणि घरी तुम्ही त्याच्याकडून करून घ्यायचा. मैदानावर नऊ महिन्यांच्या आत नाही. २०१६ मध्ये नॉर्वे-अमेरिकेच्या एका अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका लांबवला तितकी परत इजा कमी, दर महिन्याला जवळपास निम्मी. गावात गणपती-दिवाळीत स्पर्धा लागतात, मित्र बोलावतात, तेव्हा घरच्यांनी सोबत उभं राहायचं.

आणि एक कळकळीने सांगतो. कोणी गुडघ्यात स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन लिगामेंट परत उगवते म्हणून पैसे मागत असंल तर देऊ नका. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या आजारांतल्या प्रत्यारोपणासारख्या मान्य उपचारांपलीकडे स्टेम सेल ही मान्यता असलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच द्यायची असते, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेत नाहीत. लोक वावर गहाण ठेवून हे करतात. तसंच पुढे कधी गाईच्या किंवा डुकराच्या टिश्यूपासून केलेला माल वापरायची वेळ आली तर ते पेशंटला आधी सांगितलंच पाहिजे, आपल्याकडे हा प्रश्न श्रद्धेचा आहे आणि तो सही घेताना बारीक अक्षरात दडवून चालत नाही. आपल्या देशात हे काम होत नाही असं पण समजू नका, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने डुकराच्या पित्ताशयाच्या पेशी काढून जखमेवर लावायचा कोलेडर्म नावाचा मॅट्रिक्स बनवला आणि त्याला २०२३ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली, क्लास डी, म्हणजे सगळ्यात कडक वर्गातली. कातडीचा मॅट्रिक्स आणि ताण घेणारी जोड यांत फार अंतर आहे, पण नियमांतून जायची वाट त्यांनी चालून दाखवली आहे.

तुमचा प्रोजेक्ट. पेशींच्या मागं लागू नका, एका वर्षात कल्चर सांभाळण्यातच सगळा वेळ जाईल. जोड मोजायला शिका, ते इथं होते. खाटकाकडून बोकडाचा मागचा पाय घ्या, आधी सांगून ठेवा की टाचेचं हाड आणि त्याला येणारी जाड नस तोडू नको. टाचेवरून एक पट्टी खाली पावलाकडे जाते ती सोडवून बाजूला करा, हाडात शिरणारी मुख्य नस ठेवा. सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून उणे वीसला गोठवा आणि एकदाच वितळवा, परत परत नको. हाड पकडायला दाताच्या डॉक्टरांकडं मिळणाऱ्या कोल्ड क्युअर अॅक्रिलिकमध्ये बसवा, पण ते घट्ट होताना तापते, म्हणून नसेवर ओला गॉज ठेवा. नस पकडणं हे खरं दुखणं आहे, ओली नस क्लॅम्पमधून सरकते आणि तुम्हाला वाटते नमुना तुटला. सँडपेपर लावा, जमलं तर ड्राय आइसने क्लॅम्पची जागा गोठवा. कॉलेजच्या सिव्हिल-मेकॅनिकलची युटीएम (ओढून ताकद मोजायची मशीन) लोखंड तोडायची असते, तिचा लोड सेल फार मोठा, आपलं काम काही शे न्यूटनपासून सुरू होते, तर टेक्स्टाइल किंवा प्लॅस्टिक तपासणारी लहान मशीन शोधा.

मग तीन गट करा. एक अख्खी मूळ जोड. दुसरा, नस कापून हाडाला भोक पाडून शिवलेली. तिसरा, मधे तुमचा तुकडा ठेवून शिवलेली. इलेक्ट्रोस्पिनिंग (नॅनोफायबर काढायची सोय) नसंल तर जिलेटिनचा फ्रीज-ड्राय स्पंज चालते, फक्त तो क्रॉसलिंक केला पाहिजे, म्हणजे त्याचे धागे रसायनाने एकमेकांत बांधले पाहिजेत, नाहीतर शरीराच्या तापमानालाच विरघळते. त्याच्यावर दहापट घट्ट सिम्युलेटेड बॉडी फ्लुइड (रक्तातल्या क्षारांसारखं द्रावण) सलाइनच्या ड्रिप सेटने थेंब थेंब सोडून पातळी हळूहळू वर येऊ द्या, खालून वर मिनरलची चढण मिळंल, अलिझरिन रेडने रंगवली की डोळ्याला दिसते. मधला मऊ पट्टा त्याच्यात कसा ठेवायचा हा तुमचा स्वतःचा विचार असू द्या, तिथंच प्रोजेक्टला किंमत आहे. मेलेल्या टिश्यूवर रुजणं दिसणार नाही, हे रिपोर्टमध्ये सरळ लिहा, तुम्ही फक्त ताण कसा वाटला जातो तेवढंच मोजून राहिल्या आहात आणि तेवढंही पुष्कळ आहे.

एकदम तोडू पण नका. आधी कमी ताणाचे बरेच फेरे द्या, चालण्यात जसा येतो तसा, आणि दर काही फेऱ्यांनी जोडीत किती फट पडली ते मोजा, कारण गुडघ्यात जोड सहसा एका झटक्यात जात नाही, रोज थोडी थोडी सरकते. मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून व्हिडिओ घ्या, नसेवर शाईचे ठिपके देऊन ठेवा म्हणजे कोणता पट्टा किती ताणला ते फ्रेमवरून काढता येते. प्रत्येक नमुन्यापुढे न्यूटनच्या आकड्याशेजारी तो कुठून तुटला ते लिहा: नस मधून, जोडीतून, हाडाचा टवका घेऊन, का क्लॅम्पमधून सरकून. क्लॅम्पमधून सरकलेले नमुने मजबुतीच्या सरासरीत धरू नका, पण टेबलमध्ये दाखवा. मूळ जोडीचे दोन-तीन तुकडे न तोडता बाजूला ठेवा, ईडीटीएमध्ये मिनरल काढून टोलुइडिन ब्लूने रंगवून घ्या, त्याला काही आठवडे लागतात म्हणून ते काम पहिल्याच महिन्यात लावा, मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजीत विनंती केली तर स्लाइड कापून देतात. जांभळा पट्टा दिसला की ते फायब्रोकार्टिलेज. त्याची रुंदी मोजा आणि तुमच्या तुकड्याची जाडी त्याच्यावरून ठरवा.